अकरापर्यंतचं नेटवर्क

बिनतारी राऊटरबद्दल तेव्हा, नव्वदचं दशक संपत आलं असताना, आम्ही फक्त मासिकात वाचलं होतं. देवपूरच्या आमच्या कॉलेजात आठ संगणक जोडायचे ते एकाच काळ्या केबलने, एकाकडून दुसऱ्याकडे. स्पर्धा हॅकिंगची होती. प्रत्येकाने आपल्या संगणकात एक फाईल कुलूपबंद ठेवायची आणि दुसऱ्यांची फोडायची. विभागप्रमुखांनी परवानगी दिली, पण अट घातली: सकाळी अकरापर्यंत नेटवर्क सुरू झालं नाही तर स्पर्धा रद्द.

सकाळी पहिले सहा संगणक झकास चालले. मग मी उरलेले दोन जोडले आणि सगळंच ठप्प झालं.

मी तापट. तेव्हा तर फारच. केबलचे जोड माझ्या मित्राने बसवले होते, म्हणून सगळा राग त्याच्यावर काढला. आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहत होतो, तरी चारचौघांत त्याची अक्कल काढली. त्याने पक्कड टेबलावर ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

साडेदहाला माझे वडील, आबा, केळीच्या दोन फण्या घेऊन फैजपूरहून आले. मुलगा काय शिकतो ते बघायचं होतं. मळ्यात ठिबकची नळी तपासावी तसे ते केबलच्या कडेकडेने चालत कोपऱ्यात पोचले.

"लेका, या टोकाले बूच कुठी आहे? टोक उघडं राह्यलं त दाबच येत नाही."

"आबा, हे ठिबक नाही," मी खेकसलो, आणि तेवढ्यात माझा हात खिशाकडे गेला. केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचं धातूचं टोपण लागतं. त्यातलं एक जरी नसलं तरी अख्खं नेटवर्क बंद. शेवटचे दोन संगणक जोडताना ते मीच काढलं होतं आणि माझ्याच खिशात टाकलं होतं.

गुपचूप बसवता आलं असतं. मोह झालाही, खोटं कशाला बोलू. पण मी पायरीपाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुझे जोड चोख आहेत. चूक माझी."

तो उठून आत आला, माझ्या हातातून टोपण घेऊन त्याने स्वतः बसवलं. पडद्यावर आठही संगणकांची नावं उमटली. आम्ही नाचलोच. आबांनी विभागप्रमुखांसकट सगळ्यांना केळी वाटली.

अकराला स्पर्धा सुरू झाली. बाराव्या मिनिटाला माझी फाईल फुटली. मान वर केली तर समोरच्या संगणकामागून मित्र माझ्याकडे बघून हसत होता. हरल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.