कोळशा फाटकाशी बसला, की...

“उठला होता का हो, वहिनी?”

छत्री कुडाला टेकवायची, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि माझ्याकडे न बघता, सहज हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारायचं. लोणावळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे शेजारी मास्तर बाहेरून घरी आले की त्यांचा पहिला प्रश्न हाच. मी म्हणायची, “नाही, मास्तर.” “बरं बरं,” म्हणून ते आत जायचे. ते ‘बरं बरं’ मला ऐकवत नसे.

हा प्रश्न कळायचा तर आधी तुम्हाला कोळशा माहीत हवा. कोळशा म्हणजे मास्तरांच्या पलीकडच्या घरातलं काळं कुत्रं. त्या घरात मालगाडीच्या इंजिनावरचा एक फायरमन राहायचा. मालगाडीला कसली वेळ आणि कसला काळ! कधी भर दुपारी यायचा, कधी उजाडता उजाडता. पण त्याची बायको, आम्ही तिला भाबी म्हणायचो, कधी त्याच्यासाठी ताटकळली नाही की त्याला गार भाकरी वाढली नाही. कोळशा उठून फाटकाशी जाऊन बसला, की ती चुलीवर तवा ठेवायची. भाकऱ्या होईतो नवरा दारात हजर. भाबी परंदवडीकडची. तिला ह्यात काहीच विशेष वाटायचं नाही. “त्याला कळतंय बगा. मला घड्याळ कशाला पायजे?”

मास्तरांना मात्र विशेष वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना रागच आला. “कारण असणारच,” हे त्यांचं पालुपद. पिंपळावर दिवा दिसो की दूध नासो, कारण असणारच. कुत्र्याला इंजिनाची शिट्टी ओळखू येत असेल, म्हणून त्यांनी फायरमनला गळ घातली की एकदा खंडाळ्यालाच उतर आणि पायी ये. बिचारा आला. कोळशा आधीच फाटकाशी, भाकरी तव्यावर.

मग मास्तर म्हणाले, वास. एका रविवारी त्यांनी फायरमनचा काजळीने माखलेला कोट अंगात घातला, त्याची टोपी डोक्यावर चढवली आणि स्टेशनापासून तसेच चालत आले. कोळशाने एक डोळासुद्धा उघडला नाही. आळीतल्या आम्ही झाडून साऱ्या बायका मात्र बाहेर. मास्तरांच्या नाकाला काजळी लागलेली. भाबीने पदर तोंडाशी धरून विचारलं, “मास्तर, आंगोळीला पानी ठिवू का?”

“हसू नका,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “वास नव्हे, एवढं तरी आज कळलं.”

उन्हाळ्यात त्यांचे एक कॉलेजातले स्नेही पुण्याहून हवापालटाला आले. मोठे प्राध्यापक. मास्तरांनी त्यांना उत्साहाने सगळं सांगितलं. मी चहा घेऊन गेले होते. प्राध्यापक हसले. “योगायोग हो. नाहीतर तुम्ही नीट पाहिलं नसणार.”

“मग दोन दिवस राहा आणि स्वतः बघा.”

“जे असूच शकत नाही ते काय बघायचं?”

स्नेही गेल्यावर मास्तर कपबशा मला परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, “वहिनी, न बघताच नाही म्हणायचं, हे मी पोरांना कधी शिकवलं नाही.” फार लागलं होतं त्यांना. म्हणून ते दुसऱ्या टोकाला गेले असंही नाही. कोपऱ्यावरच्या मावशी म्हणाल्या, मागच्या जन्मीचं नातं आहे. तर मास्तर म्हणाले, “तेही कुणी पाहिलेलं नाही, मावशी.” मी चिडवायची, तुम्ही धड इकडचे नाही नि धड तिकडचे नाही. त्यावर ते खुशीत हसायचे.

पुढे फायरमनची भुसावळला बदली झाली. कोळशा तोवर म्हातारा झाला होता, मागचा पाय ओढायचा. भाबीने त्याला आणून मास्तरांच्या ओसरीवर बसवलं. “तितलं ऊन ह्याला सोसायचं न्हाई. तुमी लय इचार करता ह्याचा, तुमीच सांबाळा.” बोलता बोलता तिला रडू फुटलं.

कोळशाने आधी अन्नच टाकलं. मास्तर दुधात भाकरी कुस्करून हाताने भरवत. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. एवढ्या वर्षांत त्या घरात कुणाला भरवायची वेळच आली नव्हती. हळूहळू कोळशा खाऊ लागला, मास्तरांच्या खुर्चीखाली निजू लागला. ते दारात आले की शेपूट हलवायचा. पण दारात आल्यावर. आधी उठून फाटकाशी जाणं नाही.

आणि म्हणून तो प्रश्न. शास्त्राची गोष्ट केव्हाच मागे पडली होती, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. आपण यायच्या आधी कुणाला तरी आपली चाहूल लागावी, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. खोटं सांगणं सोपं होतं. पण मास्तरांपुढे खोटं बोलवत नसे.

मग त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. पुण्याच्या इस्पितळात नेलं. तिथला मुक्काम लांबणार, असा निरोप आला. कोळशाचं खाणंपिणं माझ्याकडे होतं. एका दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. कोळशा खुर्चीखालून उठला. पाय ओढत ओढत फाटकाशी गेला आणि कान टवकारून बसला. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. पॅसेंजरची शिट्टी त्यानंतर वाजली. मी उठले, मास्तरांचं घर उघडून झाडलं आणि चहाचं आधण ठेवलं.

टांगा आला. गळपट्टा गुंडाळलेले मास्तर टांगेवाल्याच्या आधाराने उतरले. निम्मेही उरले नव्हते. फाटकाशी कोळशा, त्याच्यामागे मी. त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणाले, “उठला होता, मास्तर. तुमची गाडी यायच्या आधी.”

त्यांनी चष्मा काढला. पण पुसला नाही. मोकळा हात त्यांनी कोळशाच्या डोक्यावर ठेवला.

“एकदा झालं म्हणजे सिद्ध होत नाही, वहिनी,” ते म्हणाले. “पुन्हा बघायला हवं.”

पुन्हा बघायचं राहून गेलं. त्यानंतर मास्तर घराबाहेर पडले ते एकदाच, चौघांच्या खांद्यावरून.

कोळशाला मी आमच्याकडे आणलं. हिवाळाभर तो आमच्या ओटीवर होता. दुपारी टांगे जायचे, गाड्या शिट्ट्या द्यायच्या. त्याने एकदाही मान उचलली नाही. फाटकाशी जाऊन मीच उभी राहत होते.