एका तासातली चाळीस मिनिटं

ज्या माणसाने मला गणित शिकवलं त्याचा मी काही वर्षं मनापासून द्वेष केला, आणि त्या द्वेषाच्या जोरावर इंजिनिअर झालो. हे मी कुठल्याही सत्कारात सांगितलेलं नाही. सत्कारात मी "गुरुजनांचे आशीर्वाद" म्हणतो आणि पाण्याचा घोट घेतो.

भोपाळला, गोविंदपुऱ्याच्या अलीकडे, आमच्या कारखान्याची टाउनशिप होती. "आमच्या" म्हणायची तिथे सगळ्यांनाच सवय. क्वार्टर कारखान्याचा, शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा. माणूस कोण आहे हे त्याच्या क्वार्टरच्या टाइपवरून कळायचं, तोंड उघडायची गरज नसे. आम्ही सगळ्यात लहान टाइपमध्ये. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे नळ. बाबा फिटर होते. मी आठवीत असताना ते गेले. आईला अनुकंपेवर कारखान्याच्या दवाखान्यात आया म्हणून लावून घेतलं, म्हणून क्वार्टर टिकला. तिच्याकडे भांड्यांचं काम होतं, म्हणजे पेशंटच्या खाटेखालच्या.

शाळेत मी सांगायचो, "माँ मेडिकल में है." त्यामुळे पालकसभेत एका सरांनी तिला "आइए डॉक्टर साहिबा" म्हणून खुर्ची दिली. आई बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "जी. बेडपैन की डॉक्टर हूँ." चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. सर हसावं की उठून उभं राहावं या पेचात पडले. आई वर्ध्याकडची. तिचा विनोद नेहमी असाच यायचा. समोरच्याला तो विनोद आहे की माहिती आहे, हे घरी गेल्यावर कळायचं. स्वतः ती कधी हसायची नाही. बाबा गेल्यानंतर तर मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं.

बाबांच्या शॉपचे, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागाचे, मॅनेजर समाचाराला आले होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, मीही पुढे साहेबच म्हणणार आहे. त्यांनी आईला दोन शब्द सांगितले, मग माझ्याकडे वळले.

"गणितात किती?"

"अडतीस."

"पन्नासात?"

मी मान हलवली. शंभरातले होते. ते म्हणाले, "उद्यापासून पाच वाजता बंगल्यावर ये."

आता खरं सांगायचं तर, टाउनशिपमधल्या एवढ्या सगळ्या साहेबांमध्ये हे एकानेच म्हटलं होतं. हे वाक्य मी नाइलाजाने लिहितो आहे.

बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांची वेताची खुर्ची आणि माझं लाकडी स्टूल. शिकवायचे उत्तम. त्रिकोणमिती तर अशी की वाटावं, ही यांच्या घरच्यांनीच शोधून काढलेली आहे. पण संध्याकाळी पाच ही पाहुण्यांचीही वेळ. कुणीतरी फाटक उघडून आत यायचं, मग साहेब पेन ठेवायचे आणि माझ्याकडे हात करायचे.

"या, या. हा आमचा समाजकार्य विभाग."

पाहुणे हसायचे. मीही हसायचो. नाही हसलो तर साहेब थांबून चष्म्यावरून बघायचे, जणू मी सोपा प्रश्न चुकवला आहे. मग माझी सगळी कथा व्हायची: बाबा कसे गेले, आई काय काम करते, अडतीस मार्क, "पन्नासात?" विचारल्यावर माझा झालेला चेहरा. माझा चेहरा ते करूनही दाखवायचे. चांगला करायचे, हेच वाईट. कथा संपेपर्यंत चहा यायचा, चहा संपेपर्यंत सहा वाजायचे.

एकदा कुणा पाहुण्यांसमोर म्हणाले, "याच्या वडिलांनी माझ्या शॉपमधला एक बोल्ट कधी ढिला ठेवला नाही. हे डोकं तेवढं आवळायचं राहून गेलं."

त्यालाही मी हसलो. घरी येऊन नळाखाली तोंड धुतलं, तरी ते हसू चिकटपट्टीसारखं गालाला राहिलं होतं.

गल्लीतही टिंगल व्हायचीच. समोरच्या क्वार्टरमधला क्रेन ऑपरेटर बाजेवर पडल्या पडल्या ओरडायचा, "क्यों कलेक्टर साहब, आज कितना घिसा?" मी ओरडायचो, "जितना आप सालभर में नहीं नहाते." तो खूश. त्याची बायको त्याच्याहून खूश. त्या गल्लीत शिवीला शिवी मिळायची आणि हिशेब जागच्या जागी मिटायचा. व्हरांड्यातल्या विनोदाला उत्तर द्यायची सोय नव्हती. तिथे मला फक्त हसण्याचं काम दिलेलं होतं. मंडळातली इतर मुलं साहेबांना "काका" म्हणायची. मला कुणी म्हणू नको असं सांगितलं नव्हतं. म्हण असंही सांगितलं नव्हतं.

मंडळ म्हणजे टाउनशिपमधलं मराठी मंडळ. त्याचं संक्रांतीचं संमेलन एखाद्या रविवारी दुपारी हॉलमध्ये व्हायचं. पुढे अधिकारी आणि त्यांच्या पैठण्या, मध्ये क्लार्क मंडळी, मागे आम्ही. तिळगूळ वाटून झाला, एकमेकांशी गोड बोलायचं ठरलं, की लगेच फिशपाँड. महिनाभर आधी हॉलमध्ये बुटाचं एक खोकं ठेवलेलं असायचं. ज्याला ज्याची फिरकी घ्यायची असेल त्याने नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. चिठ्ठ्या स्टेजवरून वाचायचे साहेब, कारण ते अध्यक्ष, आणि त्यांचे उच्चार पुण्याचे.

मी दहावीत असताना त्या खोक्यातून माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. साहेबांच्या मुलाची टेरिकॉटची पँट त्यांच्या पत्नीने मला दिली होती. ती मी त्या दिवशी इस्त्री करून घालून गेलो होतो.

साहेबांनी वाचलं, "एका पँटचं जाहीर अभिनंदन. दोनदा दहावीत बसली, आणि दोन्ही वेळा वेगळ्या मुलाला घेऊन."

हॉल कोसळला. विनोद चांगलाच होता, म्हणून माझा संशय अजूनही साहेबांवरच आहे. लोक माना वळवून पँट बघत होते. मी उठून उभा राहिलो आणि वाकून नमस्कार केला. त्यावर टाळ्याही पडल्या. वाटलं, काय खिलाडूपणा दाखवला. परत जाताना अर्ध्या रस्त्यात आईने माझी पँट वरून खाली बघून घेतली. मग म्हणाली, "पँट हुशार आहे. तू कधी होशीन?"

त्या दिवशी मी ठरवलं की याची परतफेड करायची. ती करायला मला दोन वर्षं लागली, यावरूनच माझ्या हुशारीची कल्पना यावी.

बारावीच्या जानेवारीत मी चिठ्ठी लिहिली. मे महिन्यात इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा होती. ती निघाली तर कॉलेज, नाही निघाली तर गोविंदपुऱ्यातल्या एखाद्या शेडमध्ये नट-बोल्ट. तिसरी वाट नव्हती. कॅलक्युलस अर्धं व्हायचं होतं, आणि कॅलक्युलसचं जाड पुस्तक साहेबांचं होतं, माझ्याकडे वापरायला दिलेलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी आठवडाभर कॅलक्युलस सोडून डाव्या हाताने अक्षर काढायचा सराव केला. साहेब रोज माझ्या वह्या तपासायचे, त्यांनी अक्षर ओळखू नये म्हणून. कागद धाकट्या बहिणीच्या वहीतला घेतला. खोक्यात टाकायला गेलो तेव्हा हॉलचा झाडूवाला जेवायला गेल्याची खात्री करून घेतली. एवढी काळजी मी नंतर पुलाचं डिझाइन करतानासुद्धा घेतली नाही.

संमेलनात साहेबांनी घडी उलगडली आणि आपल्या स्वच्छ आवाजात वाचायला लागले.

"गणित. एक साहेब एका गरीब मुलाला रोज एक तास शिकवतात. त्यातली चाळीस मिनिटं ते आपण कसे शिकवतो हे पाहुण्यांना सांगतात…"

इथे त्यांचा आवाज जरासा थांबला. पण अध्यक्षांनी हातातली चिठ्ठी पुरी वाचायची असा रिवाज होता.

"…तर मुलगा पास व्हायला किती वर्षं लागतील?"

पैठण्यांचे पदर सारखे व्हायला लागले. पुढच्या दोन-तीन रांगांतली बरीच मंडळी त्या व्हरांड्यात चहा पिऊन गेलेली होती. मग मागून गडगडाट झाल्यासारखा आवाज आला. क्रेन ऑपरेटर, ज्याला मराठी निम्मंच कळायचं आणि जो फक्त मसाला दुधासाठी आमच्याबरोबर आला होता, तो मांडीवर हात मारून हसत होता. त्याच्यामागे आमच्या रांगा हसल्या, मग क्लार्क लोक, आणि शेवटी रुमाल तोंडाला लावून अधिकारीही. साहेबही हसले. "वा," म्हणाले, "जमलंय." चिठ्ठी घडी करून त्यांनी खिशात ठेवली. बाकीच्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर ते परत खोक्यात टाकत होते.

माझी छाती फुगली होती. घरी जाताना आईला मी कुजबुजत सांगितलं, "मी लिहिली होती."

आई म्हणाली, "मंडळात गरीब पोरगं कोण कोण आहे?"

मी मोजायला लागलो. एकावर थांबलो.

डावा हात, बहिणीचा कागद, झाडूवाल्याचं जेवण, सगळ्याचा विचार केला होता, आणि चिठ्ठीत मी माझा पत्ताच लिहून दिला होता.

दुसऱ्या दिवशी पाचला गेलो. न जाणं म्हणजे कबुली, असं मला वाटलं. व्हरांड्यात वेताची खुर्ची होती, स्टूल नव्हतं. साहेब पेपर वाचत होते.

"उत्तर काढलं का?"

"कशाचं, साहेब?"

"तुझ्या गणिताचं." पेपर खाली आला नाही. "साठातून चाळीस गेले, वीस उरले. बरोबर? आजपासून साठच्या साठ तुझी. आणि ते पुस्तक आणून दे, माझ्या भाच्याला लागणार आहे."

मी उभाच राहिलो. खरं म्हणजे काही बोलायला हवं होतं. माफी मागायला हवी होती, किंवा भांडायला. पण मला त्या वाक्याचं हसू यायला लागलं होतं, कारण चोख होतं ते. चार वर्षांची सवय. मी हसतोय हे दिसताच त्यांनी पेपर खाली घेतला, आणि त्या नजरेत जे होतं ते मी त्याआधी व्हरांड्यात कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं त्यांना लागलं होतं. मला फार बरं वाटलं, आणि गेटपर्यंत पोचेस्तोवर मी मेपर्यंतचे दिवस मोजायला लागलो होतो.

आई रागावली नाही. पुस्तक परत करायला ती स्वतः गेली, मागच्या दाराने. आल्यावर म्हणाली, "मे महिन्यात टाकायची ना बाबू चिठ्ठी. पेपर झाल्यावर."

दवाखान्यात धुतलेल्या चादरी ठेवायची एक खोली होती. ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारून आईने मला तिथे बसवलं. चार महिने मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून फिनाइलच्या वासात अभ्यास केला. पुस्तक गल्लीतल्या एका मुलाने कुठून तरी जुनं आणून दिलं, त्यात शेवटचं प्रकरण नव्हतं. तिथे पाहुणे येत नसत. मध्येच दार उघडून आई चादर ओढून न्यायची आणि माझ्या वहीकडे बघून म्हणायची, "अजून तेच करून राहिला?" तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पान उलटलं की नाही ते कळायचं. गणित अडलं की कानात साहेबांचाच आवाज यायचा, त्यांनी शिकवलेल्या वीस मिनिटांतला. त्या आवाजाला मी मोठ्याने शिव्या द्यायचो आणि तो सांगेल तसं सोडवायचो. एकदा शेजारच्या वॉर्डातला पेशंट घाबरून सिस्टरला म्हणाला, "उस कमरे में कोई पागल है."

जूनमध्ये निकाल लागला. नाव यादीत होतं, बरंच खाली, पण होतं. सरकारी कॉलेज मिळणार होतं.

आई पेढ्यांचा पुडा घेऊन आली. "पहिले साहेबांकडे."

"मी नाही जाणार."

"जाय. बसू नको, दे आन् ये." ती माझ्याबरोबर निघाली, पण गेटबाहेर मेंदीच्या कुंपणापाशी थांबली. पुढच्या दाराने त्या बंगल्यात ती कधी गेली नव्हती, त्या दिवशीही जाणार नव्हती.

रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती. तीन होती, तिन्ही विखारी, एकात तर चादरींचा उल्लेखही होता. व्हरांड्यात एक नवीन जोडपं चहा घेत होतं. मी पुडा पुढे केला, निकाल सांगितला. साहेबांनी पेढा घेतला, अर्धा तोडला, आणि पाहुण्यांकडे वळले.

"बघा. मी शिकवणं बंद केलं आणि हा पास झाला. दोन वर्षं आधी बंद केलं असतं, तर पहिला आला असता."

पाहुणे हसले. आणि मीही हसलो. दात दाखवून, मान डोलवत, जसं समाजकार्य विभागाने हसावं तसं. तीन वाक्यं तोंडातच राहिली. साहेबांनी पाहुण्यांना माझी कथा सुरू केली, "अडतीस मार्क, बरं का, मी म्हटलं, पन्नासात?" आणि माझा चेहरा करून दाखवला. मी तिथे पूर्ण चहा होईपर्यंत उभा राहिलो.

गेटवर आईने विचारलं, "इतका येळ? काय म्हणे?"

मी साहेबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या उच्चारांसकट सांगितलं.

आईने ते नीट ऐकून घेतलं. मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग कुंपणाला हात टेकून. चार वर्षांत पहिल्यांदा.

"हासते कायले?" मी विचारलं.

"खरं बोलला न तो," ती म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा." पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हटलं मग?"

"हसलो."

यावर ती आणखीच हसली. मला तो राग अजून आठवतो. साहेबांचा इतका कधी आला नव्हता. व्हरांड्यातून कुणीतरी वाकून आमच्याकडे पाहत होतं. मी पुडा तिच्या हातात कोंबला आणि चालायला लागलो. मागून तिच्या चपला येत होत्या आणि हसणं येत होतं. क्वार्टरपर्यंत मी चार पावलं पुढेच चाललो, आणि कुलूप उघडून झालं तरी तिच्याशी बोललो नाही.