कलम बांधलेला हात

माझा थोरला भाऊ कलमं बांधायचा. त्याची पस्तीस वर्षं रोपवाटिकेत गेली. खुंटाला खाच द्यायची, फांदी बसवायची, पट्टी आवळायची, आणि मग कुणालाही हात लावू द्यायचा नाही. "हलवलंत की मेलं," एवढंच त्याचं शास्त्र. कलमांच्या रांगेतून तो मांजराच्या पावलांनी चालायचा, जणू झोपलेली लेकरंच ती.

एका सकाळी पट्टी आवळता आवळताच त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली आणि उजवा हात लुळा पडला. सरकारी दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी रोजचा व्यायाम लावून दिला. बोटं हलू लागली, डबीचं झाकण धरू लागली. पण दादाला धीर कुठला! जाहिरात पाहून तो एका चकचकीत दवाखान्यात गेला.

"मूळ पेशी टोचतो," तिथला डॉक्टर म्हणाला. "मेलेल्या जागी नव्या पेशी धरतील. हात पहिल्यासारखा."

दादाचा चेहरा उजळला. हे तर त्याचंच काम!

पहिलं इंजेक्शन घेऊन घरी येताच त्यानं हात फडक्यानं गळ्यात बांधला. वहिनी व्यायामाला बसवायला गेली की खेकसायचा, "हात लावू नकोस! आत धरतंय."

"अहो, तुम्ही माणूस आहात की कुंडीतलं रोप?"

"रोपाला तुझ्यापेक्षा अक्कल असते."

असे सहा आठवडे गेले. हाताची हालचाल परत यायचे नेमके तेच दिवस, आणि ते त्यानं फडक्यात गुंडाळून ठेवले. आजही आठवलं की माझं डोकं भणभणतं.

शेवटी वहिनीनं त्याला ओढतच व्यायामाच्या बाईंकडे नेलं. मीही गेलो. बाईंनी फडकं सोडलं. मूठ गच्च मिटलेली, काही केल्या उघडेना.

"हात बांधायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"आणि हलवायला?"

"पेशी टोचणाऱ्या डॉक्टरनं तेही नाही सांगितलं."

बाईंचा आवाज चढला. "अहो, या पेशींचं संशोधन अजून चाललंय! उपयोग होतो का, कुणाला होतो, हेच ठरायचंय. आणि हे लोक दुकान मांडून बसलेत!"

दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरचा फोन आला. पुढचं इंजेक्शन कधी घेताय? मी मनात शिव्या जुळवून बसलो होतो. दादानं मात्र सावकाश विचारलं, "डॉक्टरसाहेब, कलम बांधलं की एकविसाव्या दिवशी मी जाऊन बघतो, धरलंय की वाळलंय. तुम्ही माझ्या अंगात बांधलंत. बघायला कोण आलं?"

पलीकडून पुन्हा इंजेक्शनच्या तारखेचीच विचारणा.

"बांधून पळतो तो माळी नव्हे. चोर." त्यानं फोन आपटला.

मग तो वहिनीपुढे बसला आणि मूठ तिच्या मांडीवर ठेवली. तिनं एकेक बोट उकललं.

"दुखतंय गं!"

"दुखू द्या. हलवल्यानं मरायला ते कलम नाही."

उघडलेल्या बोटांत तिनं कलमाची पट्टी अडकवली. दादानं डाव्या हातानं दुसरं टोक ओढलं. पट्टी निसटून खाली पडली. त्या डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो वाकला, पट्टी उचलली आणि पुन्हा त्याच बोटांत खुपसली.