मुळ्या नसलेला पाला

शेवग्याचा फाटा कापला की चिरलेल्या मुळ्यासारखा उग्र वास येतो. तो नाकात गेला की मला दुष्काळातली आमच्या गावच्या सहकारी सोसायटीची रोपवाटिका आठवते. पाल्याच्या भाजीसाठी सभासदांना शेवग्याची रोपं द्यायची होती आणि लावायला फांद्यांचे फाटे कापायचं काम माझ्याकडं होतं. फाट्याचं खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापायचं, म्हणजे लावणारा चुकत नाही. मी घाईत दोन्ही टोकं सरळ कापली आणि लावणाऱ्या बायांकडून कित्येक फाटे पिशव्यांत उलटे लागले. काडीतल्या ओलाव्यावर पाला मात्र फुटला. वाटपाच्या सकाळी मी सहज चार फाटे उपटून पाहिले, तर चारही खालून कुजलेले, एकालाही मुळी नाही. तेवढ्यात चेअरमन आले आणि वाटप सुरू झालं. कुणी पिशवी उचलली की वाटायचं, आता हा ओढून बघणार आणि माझी नोकरी जाणार. शेवटी एका धनगर म्हातारीनं काडीला हात घातलाच. "भाऊ, मुळ्या धरल्यात का, बगू का जरा वढून?" चेअरमन माझ्या मागंच उभे होते. "नगं मावशे, तुटत्याल!" मी जवळजवळ ओरडलो. ती हसली. "लई जपतूस बाबा रोपाला. आमच्याकडं टँकर आठ दिसांनी येतो, पर प्यायच्या घागरीतलं घालीन. वाळू द्यायची न्हाई." मी पिशवी तिच्या हाती दिली. आता चेअरमनची भीती उरलेली नाही. त्या काडीला तिनं किती दिवस पाणी घातलं असेल, याचीच वाटते.