अडुसष्ट हजारांचे पेढे

कागद समोर आला की काकू आधी वरच्या मोठ्या आकड्यावर हात ठेवायच्या. अख्खा पंजा. मग म्हणायच्या, "हां, आता खालचं वाच. आणि प्रत्येक ओळीला एकच विचार. परत द्यायचे की नाही?"

कागद म्हणजे कॉलेजचं पत्र. इकडे अमेरिकेत मुलाला कॉलेजात घेतलं की त्याच्या मागोमाग दुसरं पत्र येतं, आम्ही तुम्हाला एवढी एवढी मदत देऊ म्हणून. मार्च-एप्रिलात आमच्या आयसेलिन गावात देशी माणसांच्या घरोघरी हे पत्र असतं आणि घरोघरी ते चुकीचं वाचलेलं असतं. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिच्याकडे लोक कागद घेऊन जातात. नीट बघा, असतेच. आमच्याकडे या काकू होत्या.

मी ओक ट्री रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानात मागे कढईपाशी असतो. शिक्षण नववी नापास. तेही दोनदा, म्हणजे प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणू नये. भावाने कागद केले म्हणून इकडे आलो, नाहीतर नारायणगावच्या स्टँडवर भेळेची गाडी लावली असती आणि रोज मीठ घरी विसरलो असतो.

दुकानात पुढे मिठाई आणि बाजूला चार टेबलं. खिडकीजवळच्या टेबलावर काकू दर शनिवारी सकाळी दहाला येऊन बसायच्या. एक बिनसाखरेचा चहा आणि एक वाजेपर्यंत मुक्काम. मालक सुरुवातीला कुरकुरायचा. पण काकूंना भेटायला येणारी माणसं सामोसे खायची आणि जाताना किलोभर मिठाई न्यायची. मग त्यानेच टेबलाखाली छोटा हीटर आणून लावला.

काकू बँकेतून रिटायर झालेल्या. सगळी नोकरी काउंटरवर उभं राहून. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाय कायम सुजलेले. पंजाबी ड्रेसवर पुरुषी जाड कोट घालायच्या, तो नवऱ्याचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा लांब वर उत्तरेत, नोव्हायला, गाड्यांच्या कंपनीत मोठा इंजिनियर, त्याला दोन मुली. काकू इथे अपार्टमेंटमध्ये एकट्या. मुलाकडे का राहत नाही असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "तिकडे थंडी फार." जसं काही आमच्याकडे नारळाची झाडं आहेत.

त्यांचं काम पेपर नॅपकिनवर चालायचं. तीन रकाने पाडायच्या. पहिला फुकटचा, दुसरा मुलाने कॉलेजात काम करून मिळवायचा, तिसरा परतीचा. पत्रातली एकेक ओळ उचलून त्या त्या रकान्यात टाकायच्या. मग विचारायच्या, "आणि सगळा खर्च किती, ते कुठे लिहिलंय?" माणूस पत्र उलटं करून बघायचा. पुष्कळ पत्रांत ते नसतंच.

एकदा एक डॉक्टर जोडपं आलं, चांगली लांबलचक गाडी घेऊन. काकूंनी पत्र बघितलं आणि परत दिलं. म्हणाल्या, "तुम्हाला काही मिळणार नाही. चहा घ्या." बाई म्हणाल्या, अहो पण मुलगा किती हुशार आहे. काकू म्हणाल्या, "हुशारीचं पत्र आधी आलं ना? हे तुमच्या खिशाचं आहे." दोघं हसले आणि चहा घेऊन गेले. मालकाने त्यांच्या गळ्यात मावा केक पण मारला.

हे सगळं मी चार वर्षं कढईमागून बघत होतो. ऐकून ऐकून मला तीन रकाने पाठ होते. आणि माझ्या मुलीचं पत्र आलं त्या दिवशी मला त्यातला एकही आठवला नाही.

आकडाच तेवढा होता. वर ठळक अक्षरात अडुसष्ट हजार डॉलर, वर्षाला. कॉलेज बोस्टनकडचं, नाव ऐकून लोक खुर्चीत सरळ बसतात असं. मुलगी म्हणत होती, "बाबा, वेट. लेट मी रीड इट." बाबा कसला थांबतोय. मी दुकानात येऊन पाच किलो पेढे काढले. माझ्याच हातचे, आणि माझ्याच पगारातून कापून घेतलेले. साडीवाला, सोनार, भाजीवाला, बायकोच्या पार्लरमधल्या सगळ्या पोरी, कोणाला सोडलं नाही. बायको तिथे थ्रेडिंग करते, ती म्हणाली जरा दमाने घ्या. मी त्याच दुपारी कॉलेजचं नाव छापलेला स्वेटशर्ट मागवला, ट्रिपल एक्सएल. म्हणजे मुलीसाठी नव्हता हे तुमच्या लक्षात आलं असेल.

शनिवारी पेढा आणि पत्र घेऊन काकूंच्या टेबलाशी गेलो. वाचून घ्यायला नव्हे, मिरवायला. काकूंनी पेढा बाजूला ठेवला आणि आकड्यावर पंजा ठेवला.

फुकटच्या रकान्यात एकोणतीस हजार गेले. कामाच्या रकान्यात तीन. मुलीच्या नावाचं कर्ज साडेपाच हजार, ते परतीत. मग सगळ्यात खाली साडेतीस हजारांची एक ओळ राहिली. तिच्यात 'पेरेंट' असा शब्द होता.

मी विचारलं, "हे पेरेंट कोण?"

"तू," काकू म्हणाल्या.

कॉलेज देतंय म्हणून मी पेढे वाटले होते, आणि हे साडेतीस हजार मीच कर्ज काढून कॉलेजला द्यायचे होते. व्याजाने. दरवर्षी नवीन. काकूंनी चार वर्षांचे गुणून नॅपकिन माझ्याकडे फिरवला. माझा तीन वर्षांचा पगार होता, न खाता न पिता.

मग त्यांनी मदत मागायला मी भरलेल्या फॉर्मची कॉपी मागितली. वाचता वाचता चष्मा वर केला. "अरे, तुझ्या खात्यात बावीस हजार कुठून आले?"

"ते भिशीचे आहेत, काकू."

आमच्या रोडवरच्या बावीस जणांची भिशी आहे. महिन्याला प्रत्येकी हजार, आणि ज्याचा नंबर लागेल त्याने उचलायचे. पैसे माझ्याकडे जमतात. कारण सगळ्यांचं मत असं की पळून जायला अक्कल लागते. त्या महिन्यात ज्याचा नंबर होता तो इंडियाला गेलेला, म्हणून पैसे तीन आठवडे माझ्या खात्यात पडून होते. नेमका तेव्हाच मी फॉर्म भरायला बसलो. आज बँकेत किती आहेत असं त्यात विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला बॅलन्स विचारत होतं आणि सांगण्यासारखा होता. मी छाती काढून बावीस हजार लिहिले. वर माझे एकशे चाळीस पण मिळवले.

काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग पेन घेतलं. भिशी म्हणजे काय हे त्यांनी इंग्रजीत सहा ओळींत लिहिलं. ते वाचून मला स्वतःला भिशी पहिल्यांदा कळली. कॉलेजला पाठवायला खाली बावीस जणांच्या सह्या घेतल्या. सोनाराने तर अंगठीचा ठसा उमटवू का विचारलं.

मी खूष. चूक सापडली, आता कॉलेज पैसे वाढवणार. काकू म्हणाल्या, "याने फार फरक पडत नाही. पण खोटं राहायला नको." मी ऐकलंच नाही. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. कॉलेजने मान्य केलं आणि फुकटच्या रकान्यात वर्षाला चौदाशे वाढवले.

हो की नाही कळवायला आठवडा उरला होता. काकू म्हणाल्या, आता मुलीला सांग.

मी म्हणलं, "तुम्ही सांगा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

"तिला मराठी कळतं," काकू म्हणाल्या. "बाप तू आहेस."

तेव्हा मी माझी खरी अक्कल बाहेर काढली. म्हणलं, सांगायचंच कशाला? मी गुपचूप सही करतो. तिला म्हणतो सगळी स्कॉलरशिप आहे. पोरगी खुशीत जाईल, मी रविवारी केटरिंग धरेन, होईल काहीतरी.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं आता शिव्या देतील.

"मी तसंच केलं," त्या म्हणाल्या.

मुलाचं पत्र आलं त्या वर्षीच नवरा गेला होता. घरात तेरावं झालेलं, पोरगा कोपऱ्यात बसून. त्याला एक तरी चांगली बातमी द्यावी म्हणून यांनी सांगितलं की तुला सगळं माफ झालं. जिथे बोट दाखवलं तिथे सह्या केल्या. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत ते कर्ज फेडत राहिल्या. मुलाचं लग्न झालं, मुली झाल्या, तो दर वर्षी म्हणायचा आई, नोकरी सोड, इकडे ये. या म्हणायच्या, मला काम आवडतं. सुट्टी मिळत नाही. थंडी फार.

"त्याला वाटलं मला त्यांच्यात यायचं नाही," काकू म्हणाल्या. "मग त्याने विचारणं बंद केलं. आणि फेडून झाल्यावर सांगायला गेले तर तोंडातून निघेना. इतक्या वर्षांनी काय सांगणार, की मी तुझ्याशी खोटं बोलले म्हणून तुझ्या मुलींना आजी मिळाली नाही?"

कोणाला सांगू नकोस असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्यासारख्या माणसाला त्या वेळी एकही विनोद सुचला नाही, यावरून काय ते समजा.

सोमवारी दुपारी मुलीला शाळेतून आणायला मी स्वतः गेलो. पार्किंगमध्ये गाडी बंद केली आणि नॅपकिन काढून तिच्या मांडीवर ठेवला. तीन रकाने समजावून सांगायला लागलो. दुसऱ्या रकान्यातच माझे आकडे चुकायला लागले.

ती म्हणाली, "आय नो, बाबा. मी पहिल्या दिवशीच वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पेढे वाटत होतास."

महिनाभर पोरीने ते पोटात ठेवलं होतं. मी स्वेटशर्ट घालून तिच्यासमोर फिरत होतो आणि ती मला छान दिसतोस म्हणत होती. ती रडली नाही. मी रडलो, स्टिअरिंगवर डोकं ठेवून, आणि हॉर्न वाजला. अख्खी शाळा बघायला लागली. मग ती हसली आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं. घरी जाईपर्यंत दोघांनी मिळून ठरवलं की इथलंच, बसने जाता येईल असं कॉलेज घ्यायचं. तिला ते नको होतं. आजही कधीकधी ती बोस्टनकडचे फोटो बघत बसते, मी विचारत नाही. पण ती सध्या माझ्याशी भांडते, फीचे कागद टेबलावर आपटते, बाबा हे बघ म्हणते. आमच्यात झाकलेलं काही नाही.

काकू यंदाच्या थंडीत गेल्या. झोपेतच. तीन दिवस आधी शनिवारी टेबलावर होत्या, कोणाच्या तरी लवकर आलेल्या पत्रावर पंजा ठेवून.

मुलगा नोव्हायहून आला. सगळं आटोपल्यावर एका शनिवारी दुकानात आला. आई इथे बसायची असं शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. मालकाने मला मागून बोलावलं. मी बेसनाचे हात पुसत पुढे आलो. पन्नाशीचा माणूस, काकूंसारखंच कपाळ. मराठी अडखळत होतं पण बोलत होता. म्हणाला, घरात आवरायला फारसं काही नव्हतंच. आई इथे काय करायची? मी सांगितलं, पत्रं वाचून द्यायची, अशी अशी.

तो हसला, पण चांगलं हसला नाही. "लोकांची पत्रं वाचायला वेळ होता. माझं तिला वाचावंच लागलं नाही, मला फुल स्कॉलरशिप होती." मग म्हणाला, "मी दर वर्षी बोलावलं. तिला ती बँक सोडवली नाही, काका."

पन्नाशीचा इंजिनियर मला काका म्हणत होता. मी त्याच्यापेक्षा लहान असेन. मालक काउंटरवरून खुणावत होता, आत तेल तापलं म्हणून. मी एप्रन सोडला, खुर्ची ओढली आणि म्हणलं, बसा. मला नीट सांगता येत नाही, पण बसा.

जसं सांगता आलं तसं सांगितलं. नवरा गेला ते वर्ष, सह्या, बँकेचा काउंटर, एकाहत्तरावं वर्ष. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग हळूच म्हणाला, "माझी धाकटी झाली, तेव्हा आई आली नव्हती. दहा दिवस सुट्टी मिळत नाही म्हणाली. तेव्हा पण?"

"तेव्हा पण," मी म्हणलं.

"मोठीची मुंज... नाही, मुंज कसली. डान्स होता तिचा, पहिला. स्टेजवर. तेव्हा?"

"तेव्हा पण."

मालकाने आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. मुलगा एकेक आठवून विचारत राहिला आणि मी समोर बसून हो म्हणत राहिलो.