भर उन्हाळ्यात वाढलेलं पाणी

संग्रामपूरच्या मोतीरामला काळजी करायला कारण लागत नाही. पाऊस आला नाही की कपाशीची काळजी, जास्त आला की तुरीची, आणि हवा तेवढाच आला की आता पुढं काय वाईट वाढून ठेवलंय याची. पोरगी बारावीला चांगल्या टक्क्यांनी पास झाली तेव्हा सगळे पेढे खात होते आणि हा विचारत होता, "पेपर सोपे तर नव्हते ना?"

अशा माणसाला बायकापोरांनी या मे महिन्यात समुद्रावर नेलं. त्यातही गाडी दुसऱ्याची. खामगावचे हिंमतराव म्हणजे मोतीरामचे साडभाऊ, त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे नवरे. हा गृहस्थ पावसात स्वतःची छत्री कोणाला देत नाही, त्याने नवी कोरी पांढरी गाडी दिली ती केवळ सत्यभामाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, पिच्छा पुरवला म्हणून. आणि जूनपासून मोतीरामची दीपमाला कॉलेजसाठी त्यांच्याच घरी राहणार होती. गाडीवर ओरखडा उठला तर तो थेट पोरीच्या शिक्षणावर उठणार, हे मोतीराम घरून निघतानाच समजून चुकला होता. मुलगा हरिओम गाडी चालवत होता आणि मोतीराम शेजारी बसून दोन्ही पाय दाबून ब्रेक लावत होता, जिथे ब्रेकच नव्हता.

कोकणातल्या त्या गावात गाड्या लावायची जागा नारळाच्या झाडांखाली होती. मोतीरामने मान वर केली आणि त्याचा जीव खालीवर झाला.

"अबे हरिओम, काढ गाडी इथून! एक नारळ पडला त टपाची परात होऊन जाईन."

"मग कुठी लावू, बाबा?"

"तिकडं पाह्य. एवढं मोकळं पडेल हाये."

तिकडं म्हणजे खाली वाळूवर. समुद्र दूर मागे सरकलेला, मधे ओली, घट्ट, सपाट जमीन. मोतीरामने टाच आपटून पाहिली. पक्की होती. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी अशीच आटते, लोक पात्रात डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजाच्या वाड्या, लावतात, टरबुजं भरायला बैलगाड्या थेट आत जातात आणि मृगापर्यंत कोणाचं चाक ओलं होत नाही. पन्नास वर्षांत मोतीरामने मे महिन्यातलं पाणी फक्त खाली जाताना पाहिलं होतं. धरणाचं, विहिरीचं, बोअरचं. ते पावसावाचून वाढू शकतं, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"बाबा, पाणी वापस येते म्हणतात," दीपमाला म्हणाली.

"कुठून येईन? आभाळात ढग त दिसते का एखांदा?"

तासाभराने अन्नपूर्णाबाई, म्हणजे त्याची बायको, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून लाटांत नाचत होती. तिने सहज मागे वळून पाहिलं आणि किंचाळली, "आवो, गाडी पोहून राह्यली!"

पोहत नव्हती, पण अर्धी चाकं पाण्यात होती आणि उरलेली अर्धी वाळूत रुतत होती. हरिओमने जेवढा जोर लावला तेवढी ती खाली बसली. मोतीराम गाडीच्या आणि समुद्राच्या मधे दोन्ही हात पसरून उभा राहिला, जणू कोणाचा सांड वावरात शिरत होता. शेवटी गावातल्या एकाने ट्रॅक्टर आणून ती दोराने ओढून काढली. इंजिन लगेच सुरू झालं. लेकरांनी टाळ्या वाजवल्या.

मोतीरामने वाजवल्या नाहीत. तो खारपाणपट्ट्यातला माणूस. खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे त्याने घरच्या बोअरमधले पाईप बाहेर काढताना पाहिलं होतं. वरून धड आणि आतून पापडासारखे. ते पाणी तर समुद्रापुढे सरबत म्हणायचं.

परतीचा रस्ता म्हणजे मग आंघोळींची रांग झाली. पुण्याच्या अलीकडे एका धुलाई केंद्रावर गाडी धुतली, नगरच्या पुढे धुतली, जालन्याजवळ पुन्हा धुतली. प्रत्येक वेळी मोतीराम खाली वाकून गाडीतून ठिबकणारं पाणी बोटावर घ्यायचा आणि चाखायचा. विहिरीला पाणी लागलं की आमच्याकडे ते असंच तपासतात.

"अजून खारट हाये."

"तुमचा घाम असन तो," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "आता चाकं चाटाचे राह्यले, तेबी चाटून घ्या."

चिखली मागे पडली तशी ती गंभीर झाली. "हे पाहा, खामगावात तोंड उघडाचं नाही. गाडी चकाचक हाये. चाबी द्याची, चहा प्याचा, निंघाचं."

गाडीत कुठे कुरकुर होते का, ते मोतीराम ऐकत होता. दर खड्ड्याला त्याला पत्रा झडल्याचा भास होत होता. आज काही दिसणार नाही, हे खरं. दिसेल दिवाळीच्या सुमाराला. आणि तेव्हा त्या घरात कोण असेल? दीपमाला. टोमणा ज्याने ऐकायचा तो बाप संग्रामपुरात आणि ताटावर बसलेली पोरगी समोर. तिला तो घासही गिळता येणार नाही.

हिंमतराव दारातच उभे होते. गाडीभोवती फिरून खूश झाले. "वा! देली त्याच्याहून साफ आणली राजा तुनं."

अन्नपूर्णाबाईने मोतीरामला कोपराने ढोसलं. मोतीरामने चावी पुढे केली, पण सोडली नाही.

"भाऊ, गाडी समुद्रात गेली होती."

मग थांबता येईना. नारळ, वाळू, ट्रॅक्टर, सगळं सांगितलं. हिंमतरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते गाडीखाली वाकून पाहू लागले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"मोतीराम," खालूनच आवाज आला, "तू येडा हायेस काय बे?"

"हाव, भाऊ. पण पोरीचं तेवढं..."

"पोरीचं काय?" हिंमतराव धापा टाकत उठले. "पोरीनं नेली काय गाडी समुद्रात? सकाऊन सर्व्हिसिंगले न्या लागते. तू राह्य आज इथंच. तिथं मिस्त्रीले मी काही सांगणार नाही, मले लाज वाटते. तूच सांगजो चौघांत, कशी नेली ते."

"सांगतो, भाऊ."

सत्यभामाबाई एव्हाना दीपमालाला माडीवरची खोली दाखवायला घेऊन गेल्या होत्या. वरून पोरीचा खुशीतला आवाज आला, "बाबा, खोली लय मस्त हाये! खिडकीतून सारा रस्ता दिसते!"

मोतीरामने दोन दिवसांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेतला. तो पुरता बाहेर सोडायच्या आतच तो ओरडला, "खिडकीले गज हायेत का?"