सकाळी ठणठणीत होणारे कान

"भावजी, हे गेले हो..." फरीदाबादहून वहिनींचा फोन आला, त्याला आता महिना झाला. श्रीधरदादा माझा आतेभाऊ. पत्रे ठोकून मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन. प्रेसशेजारी तो उघड्या कानांनी उभा राही. डायला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला, तडा जाणार हे आवाजावरून आधीच कळतं, हा त्याचा दावा. दुर्दैवाने तो खरा होता. संध्याकाळी कान बधिर होत, सकाळी ठणठणीत.

मी कानावर संशोधन करणारा. एका रविवारी त्याच्याकडे जेवताना मी विद्वत्ता पाजळली. आतल्या कानातल्या पेशींवर बारीक केस असतात, आवाजाने ते वाकतात. जोराचा दणका बसला की त्यांना जोडणारे नाजूक धागे तुटतात, पण विसावा मिळाला तर दिवसाभरात पुन्हा जुळतात. दादा खूश! "ऐकलंस गं? रिपेअर आपोआप! ही सायन्सवाली माणसं कधीकधी कामाची असतात, यार." पुढचं वाक्य होतं : रोज रोज मार बसला तर पेशीच मरते, आणि माणसाच्या कानात ती पुन्हा उगवत नाही. तेवढ्यात वहिनींनी गरम पुऱ्या आणल्या. ते वाक्य राहिलं. नंतर सांगू, म्हणालो... स्वतःशीच.

सुरक्षा सप्ताहात साहेबांनी अर्धा तास कर्ण्यातून ओरडून कानांचं महत्त्व सांगितलं आणि दादाला शाल, नारळ व कानांवर चढवून आवाज अडवणारे इअरमफ दिले. तोवर कुकरची शिट्टी त्याच्यासाठी संपली होती. मग नातीचा आवाज गेला. बारीक आवाज आधी जातात. ती फोनवर कविता म्हणायची, तो "अच्छा, अच्छा" म्हणत राहायचा. कविता कधीच संपलेली असायची.

शेवटी इस्पितळात मी त्याच्या कानाशी वाकलो. "दादा, मी तुला अर्धंच सांगितलं होतं रे. माझं चुकलं." त्याने हसून मान हलवली. कितीतरी वर्षं तो सगळ्यांनाच तशी मान हलवत होता. त्याने माफ केलं की नुसतं ऐकल्यासारखं केलं, हे मला आता कोण सांगणार?

परवा वहिनींकडे गेलो. इअरमफ अजून दाराजवळच्या खुंटीवर आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. मी ते कानांवर चढवून पाहिले. वहिनी समोर काहीतरी बोलत होत्या. मी मान हलवली.